ऐंशी ट्रॅकचा अभंग आणि एकच पडदा : रीपरमध्ये मिक्सर कसा लावायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे : घरच्या स्टुडिओत रीपरवर, म्हणजे रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरवर, अभंगांचा अल्बम चालू आहे. एकेका अभंगात सत्तर-ऐंशी ट्रॅक होतात. पखवाज दोन माइकवर, तबला, टाळ, पेटी, बासरी, तानपुरा, मुख्य गायन, त्याचे सगळे टेक (पुन्हा पुन्हा केलेली रेकॉर्डिंग), कोरस, वर रिव्हर्ब (घुमारा) आणि डिले (प्रतिध्वनी). पडदा एकच, चोवीस इंची. गायक मागे बसून "टाळ जरा खाली घ्या" म्हणाले की मिक्सरमधली टाळाची पट्टी, म्हणजे त्या ट्रॅकचा उभा रकाना, सापडेपर्यंत धृपद संपलेलं असतं. दोन-तीन थीम बदलून पाहिल्या, फरक पडला नाही. मिक्सरचा लेआऊट कसा ठेवावा?

थीमने फरक पडणार नव्हताच. थीम पट्ट्यांचं रूप बदलते, त्यांची संख्या नाही. एक पट्टी ८० पिक्सेल रुंद धरली तर १९२० पिक्सेलच्या पडद्यावर एका वेळी २४ पट्ट्या मावतात. अगदी अरुंद करून ४० पिक्सेलवर आणली तरी ४८. म्हणजे ऐंशी ट्रॅक तुम्हाला कधीच एकदम दिसणार नाहीत, आणि माझं म्हणणं असं की ते दिसायची गरजही नाही. कुठल्याही क्षणी तुम्ही एकच काम करत असता : रेकॉर्ड करता, टेक निवडता, तालवाद्यं बसवता किंवा शेवटचा तोल साधता. त्या त्या कामाला दहा-पंधरा पट्ट्या लागतात. बाकीच्या बाजूला काढता याव्यात आणि हव्या तेव्हा एका बटणावर परत याव्यात, एवढंच साधायचं आहे. त्यासाठी आधी आवरायची ती सिग्नलची वाट. ती नीट असेल तर मिक्सर निम्मा आपोआप लागतो.

पण त्याही आधी संख्या कमी करा. तुमच्या ऐंशीतले वीस-पंचवीस ट्रॅक हे मुख्य गायनाचे टेक असणार, प्रत्येक टेक वेगळ्या ट्रॅकवर. ही सवय सोडा. रीपरमध्ये एकाच ट्रॅकवर टेक एकावर एक घेता येतात, आणि २०२३ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीपासून एका ट्रॅकमध्ये कायमच्या लेन (एकाखाली एक ओळी) ठेवून त्यातले हवे ते तुकडे वर उचलण्याची सोय आहे. कडव्याची पहिली ओळ तिसऱ्या टेकमधली, दुसरी पाचव्यातली, असं एका ट्रॅकच्या आतच जुळवता येतं. मिक्सरमध्ये त्याची एकच पट्टी. फेडर (पातळी ठरवणारा सरकता दांडा) एक, ईक्यू (आवाजाचा पोत बदलणारा प्लगिन) एक, सेंड (आवाजाची प्रत दुसऱ्या ट्रॅककडे नेणारी जोडणी) एक. टेक वेगवेगळ्या ट्रॅकवर असले की एकावर कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा प्लगिन) बदलला आणि दुसऱ्यावर राहिला, असे घोळ होतात आणि मग एकाच ओळीत आवाजाचा पोत मध्येच बदलतो.

आता सिग्नलची वाट. रीपरमध्ये ट्रॅकचा प्रकार एकच असतो. इतर अनेक सॉफ्टवेअरमध्ये ऑडिओ ट्रॅक वेगळा, बस (अनेक ट्रॅकचा आवाज एकत्र करणारी वाट) वेगळी, ऑक्स (इफेक्टसाठीची वाट) वेगळा. इथे ट्रॅकमध्ये दुसरे ट्रॅक घातले की तो फोल्डर होतो आणि फोल्डर म्हणजेच बस, कारण आतल्या ट्रॅकचा आवाज वरच्या ट्रॅकमधून मास्टरकडे, म्हणजे शेवटच्या आउटपुटकडे, जातो. ट्रॅकला नुसता सेंड जोडला की तोच रिव्हर्बचा रिटर्न, म्हणजे रिव्हर्बचा आवाज परत आणणारा ट्रॅक. हे स्वातंत्र्य फार सोयीचं आहे आणि पसाऱ्याचं मूळही तेच. कुठली पट्टी काय काम करते हे सॉफ्टवेअर तुम्हाला सांगत नाही, ते तुम्हीच मांडणीतून दाखवावं लागतं.

अभंगासाठी मी साधारण असे फोल्डर करतो : ताल (पखवाज, तबला), टाळ (टाळ, चिपळ्या, झांज), स्वर (पेटी, बासरी, तानपुरा, वीणा), गायन, कोरस, आणि शेवटी इफेक्ट. टाळ तालापासून वेगळे का? कारण अभंगाच्या मिक्समध्ये टाळाइतकं त्रास देणारं वाद्य दुसरं नाही. त्याचा आवाज वरच्या कंप्रतांमध्ये भरलेला असतो, गायकाच्या स, श, च याच भागात येतात, आणि गजर रंगात आला की टाळकरी हात आवरत नाहीत. त्यामुळे टाळाला स्वतःचा फेडर हवाच. पखवाजाच्या बसवर कॉम्प्रेसर लावला आणि टाळ त्याच फोल्डरात असले तर पखवाजाच्या प्रत्येक थापेला टाळ दबतात. कोणाला तो वर-खाली होणारा "पंप" आवडतो, मला नाही.

तुमचे टाळ जर सगळ्यांबरोबर एकाच खोलीत वाजले असतील तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. मग "टाळ खाली घ्या" या सूचनेवर टाळाचा फेडर पूर्ण खाली नेऊनही टाळ ऐकू येतच राहतात, कारण ते गायकाच्या माइकमध्ये शिरलेले असतात. अशा वेळी ज्या माइकमध्ये एकमेकांचा आवाज शिरला आहे त्या पट्ट्या मिक्सरमध्ये शेजारी ठेवा, फोल्डर वेगळे असले तरी. एकाची पोलॅरिटी (ध्वनिलहरीची दिशा) उलटवून ऐकायचं, एखादा माइक काही मिलिसेकंद सरकवून पाहायचा, हे काम पट्ट्या शेजारी असल्याशिवाय होत नाही.

फोल्डर केल्यावर एक गोष्ट जवळजवळ प्रत्येकाला अडते, म्हणून तिथे जरा थांबतो. समजा पखवाजाच्या दोन्ही माइकवरून रिव्हर्बला सेंड दिले आहेत आणि रिव्हर्बचा ट्रॅक इफेक्टच्या फोल्डरात, बाहेर आहे. तुम्ही ताल फोल्डरचा फेडर सहा डेसिबल खाली घेतला. पखवाज खाली गेला, रिव्हर्ब तेवढाच राहिला. ऐकताना पखवाज हळू झाल्यासारखा वाटत नाही, तो देवळाच्या मागच्या भिंतीला जाऊन बसल्यासारखा वाटतो. कारण सेंड पोस्ट-फेडर असला तरी तो आतल्या ट्रॅकच्या फेडरनंतरचा आहे. फोल्डरचा फेडर त्याच्या पुढच्या टप्प्यावर येतो, त्याचा सेंडशी संबंध नाही. हे रीपरचं वैगुण्य नाही. कुठल्याही मिक्सरवर, खऱ्या कन्सोलवरसुद्धा, असंच होतं.

यावर तीन मार्ग आहेत. पहिला, सेंड आतल्या ट्रॅकवरून न देता फोल्डरवरूनच द्यायचा. सोपा आहे, पण मग पखवाजाची शाई (उजवी बाजू) आणि धूम (डावी बाजू) दोन्हींना एकाच प्रमाणात रिव्हर्ब मिळतो, आणि धुमेला रिव्हर्ब दिला की खालचा भाग गढूळ होतो. दुसरा, त्या समूहाचा स्वतःचा रिव्हर्ब त्याच फोल्डरच्या आत ठेवायचा. आतल्या ट्रॅकवरून त्याला सेंड द्यायचे, मग फोल्डर खाली गेला की रिव्हर्बही जातो. यात फोल्डरवरूनच आतल्या रिव्हर्बला सेंड देऊ नका, तो आवाज परत फोल्डरातच येतो आणि फीडबॅकचं चक्र होतं. तिसरा मार्ग व्हीसीए. २०१५ च्या पाचव्या आवृत्तीपासून रीपरमध्ये तो आहे. ट्रॅक ग्रुपिंगमध्ये एक रिकामा ट्रॅक व्हीसीए लीड करायचा आणि पखवाज-तबल्याचे ट्रॅक त्याचे फॉलोअर. या फेडरमधून आवाज जात नाही, तो फक्त आतल्या ट्रॅकची पातळी ठरवतो, त्यामुळे पोस्ट-फेडर सेंडही त्याच प्रमाणात उतरतात. एकच मोठा रिव्हर्ब सगळ्यांना वापरायचा असेल तर मी व्हीसीए घेतो. अभंगात तसंच हवं असतं, सगळे एकाच मंडपात बसल्यासारखे वाटावेत म्हणून. पण व्हीसीएचा फेडर हलवला की बसवरच्या कॉम्प्रेसरला मिळणारी पातळीही बदलते हे विसरू नका. फोल्डरच्या फेडरने ती बदलत नाही, कारण तो कॉम्प्रेसरनंतर येतो.

नावांबद्दल थोडकंच, पण महत्त्वाचं. अरुंद पट्टीवर पाच-सहा अक्षरं दिसतात. "पखवाज उजवा कंडेन्सर" आणि "पखवाज डावा डायनॅमिक" या दोन पट्ट्या पडद्यावर "पखवाज" आणि "पखवाज" अशाच दिसतील. वेगळेपण पुढे आणा : "शाई पख", "धूम पख". नाव रेकॉर्डिंगच्या आधी द्या, नंतर नाही. रीपर मूळ सेटिंगमध्ये फाइलचं नाव ट्रॅकच्या नावावरून बनवतं, त्यामुळे बिननावी ट्रॅकवर रेकॉर्ड केलेल्या फाइली नुसत्या आकड्यांच्या राहतात आणि सहा महिन्यांनी त्यातली पेटी कुठली आणि बासरी कुठली हे ऐकूनच शोधावं लागतं. ट्रॅकचं नाव देवनागरीत चालतं. पण स्टेम (वाद्यांच्या वेगवेगळ्या काढलेल्या फाइली) दुसऱ्या स्टुडिओत जाणार असतील तर नावं रोमन लिपीत ठेवा. समोर कुठलं जुनं सॉफ्टवेअर असेल सांगता येत नाही.

रंग मोजकेच ठेवा, फोल्डरला एक. पंधरा रंगांचा मिक्सर फोटोत छान दिसतो, कामात डोळा कुठेच ठरत नाही. हाताने रंग देत बसू नका. एसडब्ल्यूएस नावाचं मोफत एक्स्टेंशन रीपरवर टाकून घ्या, ते अनेक कारणांनी लागेलच. त्यात नावावरून आपोआप रंग, चिन्ह आणि लेआऊट देण्याची सोय आहे. नावात "पख" असेल तर अमुक रंग, "टाळ" असेल तर तमुक, असे नियम एकदा लिहून ठेवायचे. फोल्डर, सेंड घेणारे ट्रॅक, बिननावी ट्रॅक यांच्यासाठीही त्यात वेगळे नियम करता येतात. मी बिननावी ट्रॅकला भडक लाल ठेवतो. कोणी नाव न देता ट्रॅक उघडला की लगेच खुपतो.

आता प्रत्यक्ष मिक्सरकडे. तो कंट्रोल आणि एमने उघडतो-मिटतो, हे तुम्हाला माहीत असेलच. त्याच्या रिकाम्या जागेवर उजवं क्लिक केलं की एक लांबलचक मेनू येतो. बहुतेक लोक तो एकदा पाहून बंद करतात, पण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

"शो ट्रॅक्स दॅट आर इन फोल्डर्स" याची खूण काढा. फोल्डरच्या आतले सगळे ट्रॅक मिक्सरमधून जातात आणि उरतात ते फक्त फोल्डर : ताल, टाळ, स्वर, गायन, कोरस, इफेक्ट. ऐंशी पट्ट्यांच्या सहा झाल्या. आवाज तोच, काहीही म्यूट झालेलं नाही. गायक मागे बसून सूचना देतात तेव्हा हाच मिक्सर समोर हवा. त्यांना शाईच्या माइकमध्ये रस नसतो, त्यांना टाळ खाली आणि पेटी वर हवी असते. टाळाला वेगळा फोल्डर दिल्याचा फायदा इथे कळतो.

त्याच मेनूत फोल्डरवर क्लिक करून आतले ट्रॅक उघडण्या-मिटण्याचं चिन्ह दाखवण्याचा पर्याय आहे, तोही चालू ठेवा. मिक्स करताना ताल उघडा, काम करा, मिटा, मग स्वर उघडा. फोल्डर डावीकडे गोळा करण्याचाही एक पर्याय आहे. मला तो आवडत नाही, कारण मग मिक्सरमधला क्रम आणि वरच्या ट्रॅक-पट्टीतला (ट्रॅकच्या वरून खाली जाणाऱ्या यादीतला) क्रम वेगळा होतो आणि डोळ्यांना दोन नकाशे लक्षात ठेवावे लागतात. मिक्सरमधला क्रम स्वतंत्र ठेवायचा असेल तर ट्रॅक आपोआप लावण्याचा पर्याय बंद करता येतो. तेही शक्यतो करू नका. वरून खाली जो क्रम, डावीकडून उजवीकडे तोच क्रम, एवढं एक सूत्र पाळलं की शोधणं अर्धं कमी होतं.

"स्क्रोल व्ह्यू व्हेन ट्रॅक्स ॲक्टिव्हेटेड" चालू करा. वर टाळाच्या ट्रॅकवर क्लिक केलं की मिक्सर स्वतःच सरकून टाळाची पट्टी समोर आणतो. खालचा स्क्रोलबार हाताने ओढत बसण्याची गरज संपते.

पट्ट्या एकापेक्षा जास्त रांगांत दाखवण्याचा पर्यायही तिथेच आहे. त्याचा मोह होईल, कारण दोन रांगांत दुप्पट पट्ट्या मावतात. पण फेडरची उंची निम्मी होते. खऱ्या कन्सोलचा फेडर १०० मिलिमीटर लांब ठेवतात तो हौस म्हणून नव्हे. लांबी जितकी जास्त, तितकं अर्ध्या डेसिबलचं काम हाताला जमतं. पडद्यावर आखूड फेडर माउसने एक टिचकी हलवला की आवाज एकदम उडी मारतो. कंट्रोल दाबून ओढलं तर बारीक हलतो खरा, पण दिवसभर कंट्रोल दाबून मिक्स करणं म्हणजे मनगटाला शिक्षा. एका रांगेत थोड्याच पट्ट्या आणि उंच फेडर, हे मला जास्त पटतं.

आणि हे आजच करा : प्रेफरन्सेसमध्ये माउसच्या पानावर फेडरवर माउसचं चाक निष्क्रिय करण्याचा पर्याय आहे. तो चालू करा. मिक्सर चाकाने सरकवताना बाण एखाद्या फेडरवर आला की पातळी गुपचूप बदलते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. दोन दिवसांनी "बासरी कुठे गेली" म्हणून शोध सुरू होतो.

आता कामानुसार दृश्यं. रीपरमध्ये यासाठी दोन प्रकारचे स्क्रीनसेट आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक खिडक्यांचा : कुठली खिडकी कुठे उघडी, केवढी. हा सगळ्या प्रोजेक्टना मिळून एकच असतो. दुसरा ट्रॅकच्या दृश्याचा : कुठले ट्रॅक दिसतात, कुठले लपलेले. हा प्रत्येक प्रोजेक्टबरोबर त्याच्यातच जतन होतो. मूळ सेटिंगमध्ये ट्रॅकची दृश्यं एफ४, एफ५, एफ६ वर आणि खिडक्यांची एफ७, एफ८, एफ९ वर येतात. शिफ्टसकट तीच कळ दाबली की सध्याचं दृश्य तिथे जतन होतं.

मी एफ४ वर रेकॉर्डिंग, एफ५ वर एडिटिंग आणि एफ६ वर मिक्स ठेवतो. दृश्य बनवायला ट्रॅक मॅनेजर उघडा. त्यात प्रत्येक ट्रॅकसमोर दोन खुणा असतात, एक वरच्या ट्रॅक-पट्टीसाठी, एक मिक्सरसाठी, आणि दोन्ही एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. हीच खरी ताकद आहे. रिव्हर्बच्या रिटर्नवर कधी ऑडिओचा तुकडा नसतो, मग एडिटिंग करताना तो वरची जागा का अडवेल? त्याला फक्त मिक्सरमध्ये ठेवा. उलट, नंतर लागेल म्हणून ठेवलेला मूळ टेकचा ट्रॅक वर दिसला तर चालतो, मिक्सरमध्ये त्याचं काम नाही. मॅनेजरमध्ये वर शोधायची जागा आहे, तिथे "कोरस" टाइप केलं की तेवढेच ट्रॅक उरतात. दहा-बारा ट्रॅक एकदम लपवायला किंवा काढायला याहून झटपट मार्ग नाही.

दृश्य जतन करताना त्यात काय काय जतन व्हावं हे निवडता येतं. स्क्रीनसेटच्या खिडकीत कर्सरची जागा, सरकवलेली जागा, आडवा झूम, ट्रॅक-पट्टीची स्थिती आणि मिक्सरची स्थिती असे पर्याय दिसतील. कर्सर, सरकवलेली जागा आणि झूम यांच्या खुणा काढून टाका. नाहीतर तुम्ही तिसऱ्या कडव्यात काम करत असताना एफ६ दाबलंत की थेट आलापाच्या सुरुवातीला जाऊन पडता. बरेच लोक यामुळेच वैतागून स्क्रीनसेट वापरणं सोडतात.

एक इशारा. लपलेला ट्रॅक वाजतच राहतो. मिक्समध्ये कुठून तरी खरखर येते आणि समोरच्या एकाही पट्टीवर मीटर हलत नाही, असं झालं की आधी ट्रॅक मॅनेजर उघडून सगळं दाखवा.

तीन दृश्यं पुरत नसतील तर एसडब्ल्यूएसमध्ये स्नॅपशॉट आहेत. त्यात दृश्याबरोबर फेडर, पॅन, म्यूट, प्लगिन, सेंड असं सगळं जतन करता येतं. आणि धोका तिथेच आहे. नुसतं दृश्य बदलायचं असताना सगळं जतन केलेला जुना स्नॅपशॉट उघडलात तर तुमचा कालचा मिक्स पुसून परवाचा येतो. दृश्यासाठी असेल तर फक्त व्हिजिबिलिटी निवडा, बाकी काही नाही. मिक्सच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांसाठी प्रोजेक्टची वेगळी फाइल ठेवलेली बरी.

रेकॉर्डिंगच्या दृश्यात काय असावं? ज्या ट्रॅकवर आत्ता रेकॉर्ड होतंय ते, मोठ्या मीटरसकट, आणि हेडफोनचे सेंड. बाकी काही नाही, प्लगिनच्या जागाही नकोत. हेडफोनचा सेंड प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या आधी निघणारा, ठेवा. पोस्ट-फेडर असेल तर तुम्ही तुमच्या ऐकण्यासाठी पेटी खाली घेतली की गायकाच्या कानातलीही पेटी जाते, आणि पेटी गेली की सूर जातो. बहुतेक गायकांना कानात तानपुरा आपल्याला वाटतो त्याहून खूप जास्त हवा असतो. तो त्यांचा हक्क आहे, तुमच्या मिक्सशी त्याचा काही संबंध नसावा.

पट्ट्यांची रुंदी आता ठरवा. पट्टीवर उजवं क्लिक करून तिचा मिक्सरमधला लेआऊट बदलता येतो, आणि रीपरच्या मूळ थीमबरोबर येणाऱ्या थीम ॲडजस्टरमध्ये त्या लेआऊटचे आकार आपल्या सोयीने ठरवता येतात. फोल्डरना रुंद, आतल्या ट्रॅकना अरुंद असं ठेवा. एसडब्ल्यूएसचे नावावर चालणारे नियम लेआऊटही देतात, म्हणजे हेसुद्धा आपोआप होतं. प्लगिनची यादी पट्टीत फार लांब होत असेल तर गायनाची साखळी, म्हणजे डीएसर (स-श दाबणारा), ईक्यू, दोन कॉम्प्रेसर, जे काही असेल ते, एका कंटेनरमध्ये टाका. सातव्या आवृत्तीत ही सोय आली. पट्टीत एकच ओळ दिसते.

पडदा एकच असल्यामुळे मिक्सर खाली डॉक करून वर ट्रॅक ठेवण्याचा मोह होतो. त्यात दोन्ही अर्धवट दिसतात. त्यापेक्षा एफ७ वर पूर्ण पडदाभर ट्रॅक आणि एफ८ वर पूर्ण पडदाभर मिक्सर असे खिडक्यांचे दोन सेट करा. पुढेमागे दुसरा पडदा घेतलात तर एफ९ वर दोन पडद्यांचा सेट करा, पण पहिले दोन तसेच राहू द्या. लॅपटॉप घेऊन गायकाच्या घरी जायची वेळ येतेच.

हे सगळं प्रत्येक अभंगासाठी नव्याने करायचं नाही. एकदा लावलं की ऑडिओ काढून टाकून प्रोजेक्ट टेम्पलेट म्हणून जतन करा. पण टेम्पलेटमध्ये "कधीतरी लागेल" म्हणून शंभर ट्रॅक भरू नका. एखाद्याच अभंगात सनई येत असेल तर सनईचं ट्रॅक टेम्पलेट वेगळं ठेवा आणि हवं तेव्हा घाला. टेम्पलेटमधले जड प्लगिन बायपास न करता ऑफलाइन ठेवा. बायपास केलेला प्लगिन मेमरीत बसून राहतो, ऑफलाइन केलेला मेमरी सोडतो.

तुमच्याकडे कोणी दुसरं सॉफ्टवेअर वापरणारं असेल तर त्यांनाही विचार तोच लागू आहे, फक्त बटणं वेगळी. प्रो टूल्समध्ये मेमरी लोकेशन ट्रॅक दाखवणं-लपवणं लक्षात ठेवतात आणि खिडक्यांसाठी विंडो कॉन्फिगरेशन आहेत. लॉजिकमध्ये समिंग स्टॅक म्हणजे आपला फोल्डर, आणि स्क्रीनसेट आकड्यांवर. क्यूबेसमध्ये मिक्सकन्सोलच्या एकाहून जास्त खिडक्या उघडता येतात आणि प्रत्येकीत वेगळे ट्रॅक दाखवता येतात. हे मात्र रीपरवाल्यांना हेवा वाटावा असं आहे.

आता तुमच्या हातातल्या अल्बमचं काय? अर्धा मिक्स झालेल्या प्रोजेक्टमध्ये हे करताना फाइल आधी वेगळ्या नावाने जतन करा. मग याच क्रमाने जा : नावं, टेक एकत्र करणं, फोल्डर, सेंड, आणि सगळ्यात शेवटी दृश्यं. फोल्डरात ट्रॅक टाकल्याने, फोल्डरचा फेडर शून्य डेसिबलवर असेल आणि त्यावर काही प्लगिन नसेल तर, आवाज बदलायला नको. रीपरचा मूळ पॅन लॉ (आवाज मधोमध असताना पातळी किती उतरवायची हा नियम) शून्य डेसिबल आहे. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये तुम्ही तो बदलला असेल तर फोल्डरमधून जाताना पातळी उतरू शकते, तेवढं तपासा.

खात्री करायची असेल तर आवरण्याआधीचा मिक्स आणि नंतरचा मिक्स, दोन्ही रेंडर करा (ऑडिओ फाइलीत उतरवा), नव्या प्रोजेक्टमध्ये एकाखाली एक ठेवा आणि एकाची पोलॅरिटी उलटवा. दोन्ही सारखे असतील तर एकमेकांना खोडतील. रिव्हर्बमध्ये मॉड्युलेशन (आवाजात सतत होणारा बारीक बदल) असेल तर तो दर वेळी थोडा वेगळा वाजतो, त्यामुळे ही चाचणी इफेक्टचा फोल्डर म्यूट करून घ्या. काही शिल्लक ऐकू आलंच, तर जे वाद्य ऐकू येतंय त्याच्या ट्रॅकवर मास्टर आणि पेरेंट सेंडची खूण बघा. फोल्डरात गेल्यावरही जुना सेंड बसकडे तसाच राहिला असेल तर ते वाद्य दोनदा पोचतं आहे, एकदा फोल्डरमधून आणि एकदा सेंडमधून. जुना सेंड काढा आणि पुन्हा रेंडर करा.